राव्हेनातला पडदा

अमेरिकेत शुगर लँडला आल्यावर पहिली तीन वर्षं मला काही काम नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नसे. नवरा सकाळी सातला ह्यूस्टनकडे निघायचा आणि संध्याकाळी सातला परतायचा. मधल्या वेळात मी घर आवरायचे, नागपूरला फोन करायचे आणि गाडी शिकायचे. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणं शक्यच नसायचं. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची.

आमच्यापासून चार घरं सोडून एक काका-काकू राहत. काका मूळचे पुण्याचे. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आले, भूल देणारे डॉक्टर म्हणून तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये काम केलं आणि मग निवृत्त झाले. मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियात होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी काका घरी स्लाइड शो करत. विषय एकच, युरोप. ऐंशीच्या दशकापासून ते आणि काकू दर एक-दोन वर्षांनी तिकडे जात आले होते. गोल चकत्यांमध्ये भरलेल्या त्यांच्या शेकडो स्लाइड्स गॅरेजमधल्या कपाटात होत्या.

येणारे हळूहळू कमी झाले होते. मी जाऊ लागले तेव्हा सात-आठ माणसं असायची, त्यांतली दोन जेवणासाठी आलेली. मी मात्र मनापासून जायचे. काका सांगायचे ते गाइडसारखं नसे. एखादं चर्च दाखवताना ते आधी विटा कुठून आल्या ते सांगत, मग त्या वाहून आणणाऱ्या बोटींबद्दल, आणि राजा सगळ्यात शेवटी यायचा.

त्यांची सगळ्यात लाडकी स्लाइड इटलीतल्या राव्हेना गावातली होती. तिथे सहाव्या शतकातलं एक चर्च आहे. भिंतीवर काचेच्या बारीक तुकड्यांनी चित्रं जडवलेली आहेत. त्यांतल्या एका चित्रात एक सम्राज्ञी आपल्या दासींसह उभी आहे. डाव्या टोकाला एक सेवक दारावरचा पडदा बाजूला सारतो आहे आणि दारापलीकडे काळोख आहे. काका तिथे काठी टेकवायचे आणि थांबायचे.

"त्या काळोखात नीट बघा. एक चेहरा आहे. दासी असावी, लहानशी. तिला दरबारात यायला परवानगी नाही. दीड हजार वर्षं ती पडद्याआडून बघते आहे."

पडद्याच्या घडीपाशी खरोखर काहीतरी फिकट दिसायचं, दोन डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेलं. सगळे माना डोलवायचे. मीही डोलावली होती.

२००४ मध्ये काकांनी मला विचारलं, "तुला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं का?" येत नव्हतं, पण मी हो म्हणाले आणि पंधरा दिवसांत शिकले. त्यांना या सगळ्या प्रवासांचं पुस्तक लिहायचं होतं. मग रोज दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. ते बोलायचे आणि मी टाइप करायचे. माझं नागपुरी मराठी मधूनच डोकं वर काढायचं. एकदा मी "लोक पाहून राहिले होते" असं टाइप केलं. काका म्हणाले, "पाहत होते. राहायला ते काही तिथे गेले नव्हते." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "असू द्या हो, गोड वाटतं." काकांनी ते असू दिलं नाही.

राव्हेनाच्या प्रकरणात त्या दासीवर तीन पानं होती. ती कुठली असेल, तिला कुणी विकत आणलं असेल, ती थंडीत कुठे झोपत असेल. माझ्या मते पुस्तकातली ती सगळ्यात चांगली पानं होती. टाइप करून झाल्यावर मी ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली होती.

त्याच वर्षाच्या शेवटी काकांच्या डोळ्यांचं निघालं. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला होता आणि त्यावर फारसा उपाय नव्हता. कडेचं दिसायचं, पण समोर बघितलं की मधोमध करडा डाग यायचा. ते पक्ष्यासारखी मान तिरकी करून बघू लागले. गाडी चालवणं बंद झालं, पाठोपाठ वाचनही. काकांनी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. फेब्रुवारीत एक दिवस ते म्हणाले, "पुस्तक संपवायच्या आधी एकदा सगळं तपासून यायला हवं. माझ्या नोट्स जुन्या आहेत. तुझे डोळे लागतील."

काकूंचे गुडघे दुखत होते, तरी त्या येणार होत्या. माझं तिकीट काका काढणार होते. नवऱ्याला रजा मिळणार नव्हती, पण तो म्हणाला, "जा की. इथे बसून तरी काय करतेस?" त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं. तरीही ते वाक्य माझ्या बरेच दिवस लक्षात राहिलं.

काका-काकूंकडे अमेरिकन पासपोर्ट होते, त्यांना काहीच करायचं नव्हतं. मला व्हिसा हवा होता. बँकेचे कागद, नवऱ्याच्या ऑफिसचं पत्र, लग्नाचा दाखला आणि हॉटेलांची बुकिंग्ज घेऊन मी इटालियन कॉन्सुलेटमध्ये गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "हे कोण तुमचे?" मी म्हणाले, "शेजारी." त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, "त्यांना दिसत नाही. मी त्यांना सांगणार आहे." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि कागद घेतले. दहा दिवसांनी व्हिसा आला.

मे २००५ मध्ये आम्ही गेलो. आधी व्हेनिस. तिथे मी अगदीच निरुपयोगी ठरले. मोठ्या चर्चसमोर उभं करून काकांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"खूप छान आहे काका. सोनेरी आहे. मोठं आहे."

"छान म्हणजे काय? पेशंटला बरं वाटत नाहीये, एवढं सांगून डॉक्टरला काही कळतं का? डावीकडून सुरू कर. मोज. रंग सांग. छान आहे की नाही ते मी ठरवीन."

मी डावीकडून सुरू केलं. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच ते पुढचं सांगून टाकायचे. "आता वर चार घोडे दिसतील. ते नकली. खरे आत ठेवलेत." घोडे होते आणि चारच होते. तीन दिवस असंच चाललं. ते सांगायचे, मी तपासायचे आणि "हो, आहे" म्हणायचे. पाठांतराची परीक्षा घ्यावी तसं. त्यांची एकही गोष्ट चुकली नाही. भिंतीतला तडासुद्धा जागच्या जागी होता. मला कौतुकही वाटत होतं आणि थोडा कंटाळाही आला होता.

काकू चर्चमध्ये येत नसत. त्या बाहेर बाकावर बसायच्या. पाय दुखतात म्हणून असेल असं मला वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "अगं, मी पहिल्यापासून बाहेरच बसते. आत गेलं की हे बोलतात आणि मला झोप येते. बाहेर बसलं की माणसं दिसतात." त्यांच्या पिशवीत थर्मास आणि मेथीचे ठेपले असत. एका इटालियन म्हातारीने त्यांच्याकडून ठेपला घेऊन खाल्ला होता आणि दोघींनी कुठलीही भाषा न वापरता अर्धा तास गप्पा मारल्या होत्या.

चौथ्या दिवशी आम्ही रेल्वेने राव्हेनाला गेलो. सपाट, शांत गाव, पुष्कळ सायकली. चर्च बाहेरून अगदी साधं आहे, विटांचं, आठ कोनांचं. इथे काही असेल असं बाहेरून वाटत नाही. सकाळी दहाचा सुमार होता, फारशी गर्दी नव्हती. काका माझ्या कोपराला धरून आत आले. त्यांना वाट माहीत होती. कितव्या पावलावर वळायचं हेही ते सांगत होते.

"उजव्या भिंतीवर बघ. आहे का?"

होती. स्लाइडमध्ये ती तपकिरी दिसायची, इथे गडद जांभळी होती. गळ्यात, कानांत, डोक्यावर मोत्यांचे सर. हातात सोन्याचा पेला. झग्याच्या काठावर भेटी घेऊन निघालेली तीन बारकी माणसं विणलेली. काचेचे तुकडे एका पातळीत बसवलेले नव्हते, जरा तिरके होते, त्यामुळे मी पाऊलभर सरकले की भिंत वेगळीकडून चमकायची. मी सांगत होते आणि काका मान तिरकी करून ऐकत होते.

"आता डावं टोक. पडदा."

"सेवकाने हाताने बाजूला केलाय. पांढरा आहे, त्यावर रंगीत नक्षी. समोर लहानसं कारंजं आहे."

"आणि आत?"

मी बघितलं. आत काळोख होता.

"काळं आहे काका."

"काळ्यात. पडद्याच्या घडीजवळ. जरा डावीकडे सरक, उजेड पडतो तिथे."

मी सरकले. मग उजवीकडे सरकले. त्यांच्याकडे लहान दुर्बीण होती, ती लावली. काळे तुकडे एकेक करून मोजता आले असते इतके स्पष्ट दिसत होते. ते सगळे काळे किंवा काळपट निळे होते. चेहरा नव्हता.

मला हो म्हणता आलं असतं. त्यांना कळायला मार्ग नव्हता. पुस्तकातली तीन पानं तशीच राहिली असती, आणि मला ती पानं आवडत होती. हे सगळं तेव्हा मी विचार करून ठरवलं असं नाही. मी फक्त चार दिवसांच्या सवयीप्रमाणे दिसलं ते सांगितलं.

"नाहीये."

"नीट बघ."

"नीट बघितलं. तिथे कुणी नाही."

कोपऱ्यात खुर्चीवर एक पहारेकरी बाई बसल्या होत्या, चष्मा लावलेल्या, साठीच्या. काकांना थोडं इटालियन येत होतं. त्यांनी बाईंना विचारलं, पडद्याच्या मागे कुणी आहे का. बाई उठल्या, आमच्या शेजारी येऊन त्यांनी वर बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. काकांना ती हललेली मान दिसली नाही. ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. शेवटी मलाच सांगावं लागलं, "त्या नाही म्हणतायत, काका."

ते भिंतीलगतच्या दगडी कठड्यावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू बाहेर जा. मी बसतो जरा."

बाहेर काकू उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. काकूंनी थर्मासचं झाकण फिरवून मला चहा दिला.

"मी हो म्हणायला हवं होतं का?"

काकूंनी विचार केला. "मी असते तर हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण मला त्यांच्याबरोबर राहायचं असतं. तुला कशासाठी आणलंय त्यांनी?"

काका अर्ध्या तासाने भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. दुपारी ते नीट जेवले नाहीत. ताटात उरलेली पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, बघून वाढणारा माणूस दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा काका त्याला म्हणाले की जेवण उत्तम आहे, चूक माझी आहे. मग मराठीत आम्हाला म्हणाले, "बावीस वर्षं सांगतोय मी ते. निदान पाचशे लोकांना सांगितलं असेल. एकानेही विचारलं नाही."

"कसं विचारणार?" काकू म्हणाल्या. "तुम्ही काठी लावून दाखवत होता."

त्या संध्याकाळी ते खोलीतच राहिले. आता फ्लॉरेन्सचं कॅन्सल करून परत जायचं म्हणतील, असं मला वाटलं. सकाळी नाश्त्याला आले तेव्हा दाढी केलेली होती. बसता बसता म्हणाले, "आज गावाबाहेरच्या चर्चला जायचं. मी तिथे गेलोय, पण मी काही बोलणार नाही. तू सांगायचं."

ते चर्च बसने पंधरा मिनिटांवर होतं, शेतांच्या मधोमध. वेदीच्या वरच्या अर्धगोलात हिरवं कुरण आहे. मधे एक साधू हात पसरून उभा आहे आणि दोन्ही बाजूंनी मेंढ्या त्याच्याकडे येताहेत. मी डावीकडून सुरू केलं. सहा मेंढ्या, मधे साधू, मग सहा मेंढ्या. मेंढ्यांच्या मधे पांढरी फुलझाडं. वर आणखी तीन मेंढ्या, झाडांपाशी. झाडं लहान मुलांनी काढतात तशी, प्रत्येक पान वेगळं. मी बराच वेळ बोलत होते. मधेच म्हणाले, "सगळ्या सारख्या नाहीत काका. ती खालची तिसरी आहे न, ती त्याच्याकडे पाहूनच नाही राहिली, समोर पाहून राहिली."

बोलल्यावर माझ्या लक्षात आलं. काकांनी दुरुस्ती केली नाही. ते म्हणाले, "कुठली तिसरी? डावीकडून?"

"डावीकडून."

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

पुढचे पाच दिवस तसेच गेले. ते विचारायचे आणि मी सांगायचे. कधी मी चुकायचे, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन दुरुस्त करायचे. फ्लॉरेन्सला एका चित्रासमोर आम्ही दीड तास उभे होतो आणि मागे लोक वैतागत होते. संध्याकाळी मी दिवसभराचं वहीत लिहून काढायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे. अक्षर घाईचं आहे आणि रंगांसाठी मराठीत माझ्याकडे किती थोडे शब्द होते ते त्यात दिसतं. मोरपंखी, अबोली, राखाडी संपले की मी "वांग्याच्या सालीसारखा" असलं काहीतरी लिहिलेलं आहे.

परत आल्यावर जूनमध्ये एके दुपारी मी काकांच्या परवानगीने ती जुनी स्लाइड काढली आणि खिडकीत उजेडासमोर भिंगाखाली धरली. पडद्याच्या घडीपाशी एक ठिपका होता. जाळीदार, फिकट, कडेला दोन काळे बिंदू. तो चित्रात नव्हता, फिल्मच्या वरच्या थरावर होता. शेजारच्या दोन-तीन स्लाइड्सवरही तसेच ठिपके होते, फक्त तिथे ते आकाशात किंवा छतावर पडले होते. ह्यूस्टनच्या दमट हवेत गॅरेजमध्ये ठेवलेल्या फिल्मवर, बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात, बुरशी आली होती.

हे सांगावं की नाही, यावर मी या वेळी खरोखर विचार केला. दोन दिवस. मग सांगितलं.

काकांनी स्लाइड मागून घेतली आणि बोटांत फिरवली. मग हसायला लागले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे ती शुगर लँडची," ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, "कितीदा सांगितलं, गॅरेजमध्ये ठेवू नका म्हणून."

जुलैच्या पहिल्या शनिवारी त्यांनी स्लाइड शो ठेवला. नऊ माणसं आली. राव्हेनाची स्लाइड लावून त्यांनी काठी न टेकवता सगळं सांगितलं, बुरशीसकट. काही जण हसले. एका रिफायनरीतल्या इंजिनिअरना ते आवडलं नाही. ते दरवेळी येणारे होते. "काका, हे सांगायची गरज नव्हती," ते म्हणाले. "मी माझ्या मुलींना ती गोष्ट सांगितली आहे. त्यांना आता काय सांगू?"

"हेच सांगा," काका म्हणाले.

ते गृहस्थ पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात आले.

दासीवरची तीन पानं काकांनी काढून टाकली. मी ठेवू या म्हणत होते, कल्पना म्हणून, वेगळ्या टाइपात. त्यांनी ऐकलं नाही. त्या जागी त्यांनी माझ्या वहीतलं मेंढ्यांचं वर्णन घातलं आणि खाली कुणाच्या डोळ्यांनी बघितलं आहे ते लिहिलं. मेंढी "समोर बघते आहे" असं मात्र त्यांनी नीट करून घेतलं. पुस्तक २००७ मध्ये पुण्यात छापून आलं. थोड्याच प्रती काढल्या होत्या. बऱ्याचशा नातेवाइकांना गेल्या, काही इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात टेबलावर ठेवल्या. एक-दोघांनी पत्रं लिहिली. काकांच्या मुलीने फोनवर सांगितलं की तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण ती वाचते आहे. कुठवर आली आहे ते काका दर रविवारी विचारत.

इटलीहून आलो त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मी कम्युनिटी कॉलेजात कलेच्या इतिहासाच्या वर्गात नाव घातलं. नोकरी नाही, पण शिकायला माझ्या व्हिसावर आडकाठी नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी कधी चौकशी केली नव्हती. नवऱ्याने विचारलं, "याचा पुढे उपयोग काय?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्याने फी भरली आणि मंगळवारी-गुरुवारी लवकर घरी येऊन कुकर लावायला लागला. पहिल्या निबंधावर शिक्षिकेने शेरा लिहिला होता, "वर्णन उत्तम. पण तुमचं मत कुठे आहे?" मी तो काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत. ते मी तुला शिकवलंच नाही." मत मांडायला मला पुढची दोन सेमिस्टर लागली.

२००८ च्या उन्हाळ्यात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला आलो. निघायच्या आदल्या दिवशी मी काकांकडे गेले. तोवर त्यांना कडेचंही फारसं दिसत नव्हतं. स्लाइड्सचं कपाट रिकामं होतं, प्रोजेक्टर कुणीतरी घेऊन गेलं होतं. आम्ही पुस्तकाबद्दल बोललो नाही. मी कुठल्या रस्त्याने जाणार, पहिला मुक्काम कुठे, गाडीचे टायर बदलले का, हे त्यांनी विचारलं. काकूंनी वाटेसाठी डबा दिला आणि फाटकापर्यंत आल्या. ऊन फार होतं, म्हणून मी त्यांना आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत.

मॉरिसव्हिलच्या घरासमोर पाइनची झाडं होती. खोकी उघडायला आम्हाला तीन आठवडे लागले.